इंग्रजी वाक्यातले जोड: सबॉर्डिनेट क्लॉज, कंजंक्शन आणि आपली जर-तरची सवय

अर्धविराम:

रोजच्या ईमेलमध्ये, अर्जात आणि बोलण्यात सतत भेटणारी आठ वाक्यं देतोय. शब्द सगळे ओळखीचे आहेत, स्पेलिंगही ठीक, तरी प्रत्येक वाक्य कुठेतरी मोडलेलं आहे.

१. 'ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क.'
२. 'आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच.'
३. 'वेट हिअर अन्टिल आय डोन्ट कम.'
४. 'डू यू नो व्हेअर इज द की?'
५. 'द फॉर्म विच यू सेंट इट इज इनकम्प्लीट.'
६. 'ही टोल्ड दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड.'
७. 'द फाइल इज लार्ज, देअरफोर इट विल टेक टाइम.'
८. 'आफ्टर कमिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग.'

नियमांच्या याद्या सगळीकडे मिळतात. मला हवी आहे ती लिहिता लिहिता लावता येईल अशी तपासणी. जाणकारांनी एकेक वाक्य सोडवावं ही विनंती.

मुद्रितशोधक:

तपासणी सोपी आहे. वाक्यातली काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. 'वॉज', 'फिनिश्ड', 'इज', 'विल टेक' ही मोजायची. 'टु गो', 'कमिंग', 'हॅविंग डन' ही मोजायची नाहीत, कारण त्यांना स्वतःचा काळ नसतो. जितकी क्रियापदं तितके क्लॉज (क्लॉज म्हणजे अशा एका क्रियापदाभोवतीचा वाक्याचा तुकडा), आणि जितके क्लॉज त्याहून एक कमी जोड, म्हणजे क्लॉज जोडणारा शब्द. दोन क्रियापदं असतील तर एक जोड, तीन असतील तर दोन.

पहिलं वाक्य घ्या. 'वॉज' आणि 'फिनिश्ड', म्हणजे दोन क्लॉज आणि एक जोड पुरे. इथे 'ऑलदो'ही आहे आणि 'बट'ही. दोघांपैकी कोणताही एक काढा, वाक्य सुधारतं. 'ऑलदो' ठेवलात तर भर कामावर पडतो, 'बट' ठेवलात तर दोन्ही गोष्टी समान वजनाने येतात. त्यापलीकडे फारसा फरक नाही.

सातव्यात उलटा प्रकार आहे. दोन क्रियापदं आणि जोड शून्य. 'देअरफोर' कंजंक्शनसारखं दिसतं, पण ते क्रियाविशेषण आहे. ओळखायची खूण म्हणजे ते वाक्यात सरकवता येतं: 'इट विल, देअरफोर, टेक टाइम.' 'बट' असं सरकवून बघा, वाक्य कोसळतं. 'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'देन', 'ऑल्सो' ही सगळी याच जातीची. त्यांच्या आधी नुसता स्वल्पविराम चालत नाही, पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. किंवा सरळ 'सो' वापरा: 'द फाइल इज लार्ज, सो इट विल टेक टाइम.'

समान वजनाचे दोन क्लॉज जोडणारी कंजंक्शन्स सातच सांगितली जातात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यातलं कारण सांगणारं 'फॉर' आता पुस्तकी झालं आहे. रोजच्या ईमेलमध्ये ते शेरवानी घालून भाजी आणायला गेल्यासारखं दिसतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'आय थिंक ही इज राइट' यात दोन क्रियापदं आहेत आणि जोड दिसत नाही. तिथे 'दॅट' गाळलेलं आहे. जोड आहेच, फक्त बोललेला नाही.

कर्ताकर्म:

मुद्रितशोधकांच्या हिशोबाला पूरक. हे जास्तीचे जोड येतात कुठून? आपल्या वाक्यातून. मराठी दोन्ही टोकांना खुंटी मारते: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जो-तो. इंग्रजी एकाच टोकाला खुंटी मारते आणि दुसरा क्लॉज मोकळा सोडते. 'ऑलदो'च्या जोडीला येणारं 'बट' म्हणजे आपलं 'तरी'. 'बिकॉज इट वॉज लेट, सो वी लेफ्ट' मधलं 'सो' म्हणजे आपलं 'म्हणून'.

'इफ' नंतर 'देन' मात्र चालतं, कारण 'देन' हा जोड नाही, नुसतं क्रियाविशेषण आहे. पण दर वाक्यात घातलं तर गणिताची सिद्धता वाचल्यासारखं वाटतं. तसंच 'ऑलदो ही वॉज टायर्ड, ही स्टिल फिनिश्ड द वर्क' हे बिनचूक आहे. 'तरी'ची फारच आठवण येत असेल तर 'स्टिल' वापरा, क्रियापदाच्या आधी.

पाचवं वाक्य मोजणीत पकडता येत नाही. क्रियापदं दोन, जोड एक, हिशोब बरोबर. चूक वेगळी आहे. 'यू सेंट' ला जे कर्म हवं होतं ते 'विच'ने आधीच पुरवलं आहे, वर 'इट' आलं की कर्म दोनदा झालं. आपल्याकडे 'जो फॉर्म तुम्ही पाठवला तो अपूर्ण आहे' यात 'तो' हवाच असतो, म्हणून हात आपोआप 'इट' लिहितो. 'द कँडिडेट हू केम लेट ही इज वेटिंग' मधला 'ही' तोच.

याची तपासणी अशी: 'हू', 'विच', 'दॅट' नंतरचा तुकडा उचलून बाजूला ठेवा आणि त्याचं सुटं वाक्य करा. 'यू सेंट द फॉर्म.' यातला जो शब्द 'विच' झाला तो तुकड्यात परत दिसता कामा नये. हीच तपासणी दुसरी चूकही दाखवते. 'द हाउस विच आय लिव्ह' सुटं करा: 'आय लिव्ह इन द हाउस.' 'इन' हरवलंय. म्हणून 'द हाउस आय लिव्ह इन' किंवा 'द हाउस व्हेअर आय लिव्ह'.

सावकाश:

'ऑलदो' बरोबर दुसरा जोड अजिबात नाही, हे जरा कडक होतंय. जुन्या लेखनात 'दो' आणि 'येट' एकत्र भरपूर सापडतात, आणि ते लिहिणारे काही इंग्रजीत कच्चे नव्हते.

मुद्रितशोधक:

बरोबर, 'येट' सापडतं. कारण 'येट' जसं कंजंक्शन आहे तसं 'तरीही' या अर्थाचं क्रियाविशेषणही आहे, आणि तिथे ते दुसऱ्या कामावर आहे. 'बट'ला ही सोय नाही. आजच्या लेखनात 'येट'ही गाळावं, वाक्य स्वच्छ राहतं.

जाता जाता: बोलण्यात 'दो' वाक्याच्या शेवटी येतं, 'इट वॉज एक्स्पेन्सिव्ह, दो.' तिथेही ते क्रियाविशेषणच. 'ऑलदो' असं शेवटी टाकता येत नाही.

प्रश्नचिन्ह:

दुसऱ्या वाक्याबद्दल. 'व्हेन' नंतर 'विल' नको हे माहीत आहे. मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' बरोबर कसं? दोन्हीकडे 'व्हेन'च आहे की.

कर्ताकर्म:

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. 'व्हेन' तेच, पण त्याच्या मागे येणारा क्लॉज दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतो. तो अख्खा क्लॉज झाकून त्या जागी एकच शब्द ठेवून बघा.

'आय डोन्ट नो ____.' इथे 'समथिंग' बसतं. म्हणजे क्लॉज नामाचं काम करतोय. नामाच्या कामात काळ जसा असेल तसा येतो, भविष्य असेल तर 'विल' येणार.

'आय विल कॉल यू ____.' इथे 'देन' बसतं. म्हणजे क्लॉज कालवाचक क्रियाविशेषण आहे. भविष्य मुख्य क्लॉजमधल्या 'विल'ने सांगून झालं, आतल्या क्लॉजमध्ये साधा वर्तमान पुरे: 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच.' आधीचं काम पूर्ण होणं ठसवायचं असेल तर 'व्हेन आय हॅव फिनिश्ड'.

'आफ्टर', 'बिफोर', 'अन्टिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज', 'वन्स', 'बाय द टाइम', 'अनलेस', 'इन केस' या सगळ्यांना हेच लागू. 'बाय द टाइम' बरोबर मुख्य क्लॉजमध्ये बहुतेक वेळा 'विल हॅव' येतं: 'बाय द टाइम यू गेट देअर, द ट्रेन विल हॅव लेफ्ट.'

आता 'इफ'. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

'टेल मी इफ इट रेन्स.'
'टेल मी इफ इट विल रेन.'

पहिल्याचा नेहमीचा अर्थ, पाऊस आला तर मला सांग. आत्ता काहीच बोलायचं नाही, पाऊस सुरू झाल्यावर बोलायचं. दुसऱ्याचा अर्थ, पाऊस येईल का ते सांग. उत्तर आत्ता हवंय. दुसऱ्यात 'इफ'च्या जागी 'व्हेदर' बसतं, पहिल्यात बसत नाही. शंका आली की 'व्हेदर' घालून बघा. बसलं तर 'विल' चालेल.

'इफ यू विल वेट अ मोमेंट' असं ऐकू आलं तर गोंधळू नका. तिथलं 'विल' भविष्याचं नाही, तयारीचं आहे: जरा थांबाल का, तर...

अर्धविराम:

हे 'समथिंग' आणि 'देन' लगेच वापरता येण्यासारखं आहे. तिसरं वाक्य कोणी घेईल का? 'अन्टिल' आणि 'अनलेस' यात नकार नेमका कुठे जातो?

मुद्रितशोधक:

'मी येत नाही तोपर्यंत थांब' या वाक्यात आपण न येण्याच्या काळाबद्दल बोलतो, म्हणून नकार हवा. 'अन्टिल' त्या काळाचं टोक सांगतं, आणि टोक म्हणजे येणं. तिथे नकार घातला की टोकच पुसलं जातं. 'वेट हिअर अन्टिल आय कम.' न येण्याचा काळच सांगायचा असेल तर 'व्हाइल आय अ‍ॅम अवे' म्हणा.

नकार मुख्य क्लॉजमध्ये मात्र येऊ शकतो. 'डोन्ट साइन अन्टिल यू हॅव रेड इट.' वाचून होईपर्यंत सही नको, वाचलं की करा.

आणखी एक, 'अन्टिल' आणि 'बाय' यांची अदलाबदल. 'सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत पाठवतच राहा. मुदत सांगायची असेल तर 'बाय फ्रायडे'. आणि मुदत क्लॉजने सांगायची असेल तर 'बाय द टाइम'.

'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे. 'यू विल लूज द सीट अनलेस यू डोन्ट पे' याचा अर्थ पैसे भरले तर जागा जाईल! सूचनाफलकावर असं वाक्य लागलं तर अर्थ अगदी उलटा होतो. 'अनलेस यू पे' किंवा 'इफ यू डोन्ट पे'.

पण प्रत्येक 'इफ नॉट' म्हणजे 'अनलेस' नव्हे. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ शी डझन्ट पास.' इथे न होणंच आश्चर्याचं कारण आहे. 'अनलेस शी पासेस' केलं तर अर्थ फिरतो: ती पास झाली नाही तरच आश्चर्य, असं सांगायच्या ऐवजी आश्चर्य आधीच ठरलेलं आणि पास होणं हा त्याला अपवाद, असं होऊन बसतं. न घडण्यातूनच परिणाम निघत असेल तर 'इफ नॉट' ठेवा. मुख्य विधान पक्कं असून अपवाद सांगायचा असेल तर 'अनलेस'.

पानोपानी:

चौथं आणि सहावं मी घेते. दोन्हीत मूळ अडचण एकच, थेट बोलणं जसंच्या तसं उचलून वाक्यात ठेवणं.

'व्हेअर इज द की?' हा सुटा प्रश्न. तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा प्रश्नाचा क्रम जातो: 'डू यू नो व्हेअर द की इज?' 'डू', 'डझ', 'डिड' असेल तर तेही गळतं आणि काळ मूळ क्रियापदावर येतो: 'व्हेअर डिड शी गो?' चं 'आय डोन्ट नो व्हेअर शी वेंट.' प्रश्नचिन्ह मुख्य क्लॉज पाहून द्यायचं. 'डू यू नो' ने सुरुवात असेल तर हो, 'आय डोन्ट नो' ने असेल तर नाही. प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल तर क्रम मुळातच सरळ असतो: 'हू कॉल्ड?', 'आय डोन्ट नो हू कॉल्ड.'

आपल्या 'की'मुळे 'ही आस्क्ड दॅट व्हेअर शी वेंट' असं वाक्य तयार होतं. 'दॅट' आणि प्रश्नार्थक शब्द एका दारातून जात नाहीत. 'व्हेअर' असेल तर 'दॅट' नको. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'.

सहाव्यात 'टोल्ड'ला माणूस हवा: 'ही टोल्ड मी दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.' माणूस सांगायचा नसेल तर 'ही सेड दॅट'. 'एक्स्प्लेन'चं तिसरंच, तिथे 'टु मी' लागतं. काळाबद्दल: बोलणं भूतकाळात असेल तर आतलं क्रियापदही एक पायरी मागे जातं. गोष्ट अजून खरी असेल तर वर्तमान चालतो, पण मागे नेलेलं कधी चुकत नाही.

याहून गंभीर चूक सर्वनामाची आहे आणि ती व्याकरणात पकडली जात नाही. 'ती म्हणाली की मी उद्या येते.' मराठीत ही 'मी' म्हणजे ती, कोणाला शंका येत नाही. इंग्रजीत 'शी सेड दॅट आय वुड कम टुमारो' असं लिहिलं तर 'आय' म्हणजे लिहिणारा. वाक्य शुद्ध आहे आणि निरोप चुकीचा गेला आहे. हवं ते 'शी सेड दॅट शी वुड कम टुमारो.' कुणाचंही म्हणणं ईमेलमधून कळवताना 'सेड'च्या पुढचं सर्वनाम एकदा बोट ठेवून तपासावं.

सावकाश:

'बिकॉज'ने वाक्य सुरू करू नये असं शिकवलं जातं. त्यावर काय म्हणणं आहे?

पानोपानी:

सुरू करा, फक्त पुढे मुख्य क्लॉज येऊ द्या. 'बिकॉज द लिंक हॅड एक्स्पायर्ड, आय कुड नॉट लॉग इन.' चूक होते ती 'बिकॉज द लिंक हॅड एक्स्पायर्ड.' एवढ्यावर थांबलं की. बोलताना, प्रश्नाचं उत्तर म्हणून तेही चालतं. अर्जात नाही.

स्वल्पविरामाचा साधा नियम: सबॉर्डिनेट क्लॉज, म्हणजे 'बिकॉज', 'व्हेन', 'इफ' अशांनी सुरू होणारा, एकटा उभा न राहणारा क्लॉज, आधी असेल तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, मागे असेल तर सहसा नाही. 'ऑलदो' आणि 'व्हेअरअ‍ॅज' मागे आले तरी विरोध दाखवायला स्वल्पविराम देतात.

'बिकॉज'ची खरी अडचण नकारात आहे. 'आय डिडन्ट बाय इट बिकॉज इट वॉज चीप.' स्वस्त होतं म्हणून घेतलं नाही? की घेतलं, पण स्वस्त होतं म्हणून नव्हे? दोन्ही अर्थ निघतात. पहिला हवा असेल तर 'बिकॉज'चा क्लॉज वाक्याच्या सुरुवातीला आणा. दुसरा हवा असेल तर 'आय बॉट इट, बट नॉट बिकॉज इट वॉज चीप.'

'सिन्स' आणि 'अ‍ॅज' कारणासाठी जपून वापरा. 'सिन्स शी जॉइन्ड, थ्री पीपल हॅव लेफ्ट.' ती आल्यापासून गेले, की ती आली म्हणून गेले? असं वाक्य लिहिणाऱ्याला महागात पडू शकतं. 'अ‍ॅज द मॅनेजर वॉज लीव्हिंग, आय गेव्ह हिम द फाइल' यातही तीच गत. कारण सांगायचं असेल तर 'बिकॉज' कंटाळवाणं असलं तरी निःसंदिग्ध आहे.

आणि 'बिकॉज', 'ऑलदो', 'व्हाइल' नंतर क्लॉज, तर 'बिकॉज ऑफ', 'डिस्पाइट', 'ड्युअरिंग' नंतर नाम. 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं. 'इन स्पाइट ऑफ' असतं.

प्रश्नचिन्ह:

आठवं राहिलं. त्यात तर एकच क्रियापद आहे, जोडाचा प्रश्नच नाही.

कर्ताकर्म:

म्हणूनच ते मोजणीतून निसटतं. 'कमिंग'ला स्वतःचा कर्ता नाही, तो मुख्य क्लॉजचा कर्ता उसना घेतो. मुख्य क्लॉजचा कर्ता 'इट'. म्हणजे घरी आला तो पाऊस.

मराठीत 'घरी आल्यावर पाऊस सुरू झाला' बिनधास्त चालतं, कारण 'आल्यावर'चा कर्ता वेगळा असू शकतो. 'येऊन'चा मात्र सहसा तोच लागतो. 'मी घरी येऊन पाऊस सुरू झाला' आपल्याही कानाला खटकतं. इंग्रजीतलं 'आफ्टर कमिंग' आपल्या 'येऊन'सारखं वागतं. कर्ते दोन असतील तर पूर्ण क्लॉज करा: 'आफ्टर आय केम होम, इट स्टार्टेड रेनिंग.'

अर्धविराम:

आठही झाली, आभार. आता एक अख्खं वाक्य, रजेच्या अर्जातलं. यात चार क्रियापदं आणि तीन जोड, म्हणजे मुद्रितशोधकांच्या हिशोबाने बरोबर यायला हवं. तरी वाचवत नाही.

'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सो आय कॅनॉट अटेंड ऑफिस बिकॉज द डॉक्टर हॅज अ‍ॅडव्हाइज्ड रेस्ट, देअरफोर काइंडली ग्रँट मी लीव्ह.'

मुद्रितशोधक:

चांगलं पकडलंत. बेरीज जुळते, वाटणी चुकली आहे. जोड कोणत्या सांध्यावर बसलाय तेही बघावं लागतं. 'सफरिंग' आणि 'कॅनॉट अटेंड' यांच्यामध्ये 'अ‍ॅज' आणि 'सो' असे दोन. 'कॅनॉट अटेंड' आणि 'अ‍ॅडव्हाइज्ड' यांच्यामध्ये 'बिकॉज', तो ठीक. 'अ‍ॅडव्हाइज्ड' आणि 'ग्रँट' यांच्यामध्ये शून्य, कारण 'देअरफोर' जोड नाही. एका सांध्यावर जास्त, एकावर काहीच नाही, आणि एकूण तीन.

शिवाय एकाच वाक्यात कारण दोनदा सांगितलंय, ताप आणि डॉक्टर. दोन्ही एका बाजूला घ्या आणि वाक्य तोडा:

'आय हॅव अ फीव्हर, अँड द डॉक्टर हॅज अ‍ॅडव्हाइज्ड रेस्ट. आय विल नॉट बी एबल टु अटेंड ऑफिस. प्लीज ग्रँट मी लीव्ह.'

पहिल्या वाक्यात दोन क्रियापदं, एक जोड. पुढच्या दोन्हींत एकेकच क्रियापद, जोडाची गरज नाही. आणि रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हवी ते मूळ अर्जात कुठेच नाही, तेवढं घाला.